शेजारशेजारची दोन तळी



मुंबईत विहार आणि पवई ही तळी अगदी शेजारशेजारची. विहार १८६० साली पुरे झाले, पवई १८९० च्या सुमारास. दोन्ही बांधली पिण्याच्या पाण्यासाठी. आज विहारचे पाणी, थोडे का होईना, मुंबई पिते. पवईचे कुणी ओठाला लावणार नाही. विहारच्या पाणलोटावर राष्ट्रीय उद्यानाचे रान राहिले. पवईच्या भोवती रस्ते, इमारती आल्या आणि त्यांचे सांडपाणीही आले. रान पावसाचे पाणी मुरवते, गाळ अडवते. डांबरावरून तेच पाणी तेल आणि माती घेऊन धावत सुटते.

म्हणून रस्ते करूच नयेत काय? तसे मी म्हणत नाही. गोरेगावहून मुलुंडला जाणाऱ्याचे हाल मलाही ठाऊक आहेत. त्या जोडरस्त्यासाठी उद्यानाखालून सुमारे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे ठरले, ते वरचे रान तोडावे लागू नये म्हणून. खर्च वाढतो, आणि बोगद्याच्या तोंडांशी झाडे जातातच. तरीही मी बोगद्याच्या बाजूचा आहे. माझी शंका पुढची आहे. पवईला नुसता रस्ता नडला नाही, भोवतालची वस्ती नडली. ती विहारकडे सरकू लागली तर अडवायची कुणी, हे आजच कागदावर यायला हवे.