कोणाच्या मुखीं कोणतें गाणें?

कादंबरी वाचून मिटली तरी तिच्यांतील माणसें कांहीं काळ मनांत वावरत राहतात. अशा वेळीं ह्या नायकाला कोणतें गाणें शोभेल, त्या खलपुरुषाला कोणतें, असा विचार रसिक वाचकाच्या मनांत सहज येतो. आणि घरांत चार वाचणारीं माणसें असलीं कीं त्याचा एक मनोरंजक खेळच होतो. वरवर पाहतां ही फावल्या वेळची करमणूक आहे. परंतु पात्राला गाणें देणें म्हणजे त्याच्या अंतःकरणाविषयीं निवाडा देणें होय, आणि निवाडा म्हटला कीं तो चुकण्याचा संभव आलाच. त्यांतून कादंबरी जर मनुष्याच्या विचारांवरही पहारा ठेवणाऱ्या राज्याची असेल, तर हा खेळ नुसता खेळ राहत नाहीं. अशा राज्यांत कोण गातो आणि कोणाला गातां येत नाहीं, हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो.

मराठी माणसाला ह्या खेळाचे नियम परक्यांकडून शिकावयास नकोत. आपली संगीत रंगभूमि ह्याच प्रश्नावर उभी राहिली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें, देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीं आली. ह्या नाटकांत संवाद लिहिणारा हात आणि पदें रचणारा हात एकच होता. ‘एकच प्याला’ची गोष्ट निराळी. ज्यांच्या नांवाचें रंगायतन ठाण्याच्या तलावपाळीवर १९७८ पासून उभें आहे, ते राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. त्यांचें हें नाटक पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें, आणि त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनीं रचलेलीं होतीं. माणसें गडकऱ्यांचीं, गाणीं गुर्जरांचीं! दुसऱ्यानें निर्माण केलेल्या पात्रांना गाणें देण्याचा ह्याहून स्पष्ट दाखला मराठींत शोधावयास नको.

ह्या कामांत दोन धोके असतात. पहिला धोका असा कीं, गद्यांत जें सांगून झालें तेंच पद पुन्हां सांगूं लागतें. दुःखी पात्र ‘मी दुःखी आहें’ असें सुरांत म्हणतें आणि नाटक जागच्या जागीं उभें राहतें. दुसरा धोका असा कीं, पद पात्राचें न राहतां गायकाचें होतें. ‘वन्स मोअर’च्या गजरांत सुभद्रा किंवा सिंधू बाजूला सरते आणि मागें गवई तेवढा उरतो. म्हणून जाणत्या परीक्षकाची कसोटी साधी असते: हें पद काढून घेतलें तर ह्या पात्राविषयींचें कोणतें सत्य आपल्याला कळावयाचें राहील? उत्तर ‘कांहींच नाहीं’ असें आलें, तर तें पद कितीही गोड असो, तें त्या पात्राचें नव्हे.

आतां ही कसोटी जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ ह्या कादंबरीला लावून पाहावी. ऑर्वेल हे आपल्याला सर्वस्वीं परके नव्हेत. त्यांचा जन्म १९०३ सालीं बिहारमधील मोतीहारी येथें झाला. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून १९४३ पर्यंत, ते लंडनच्या बी.बी.सी.च्या पौर्वात्य विभागांत हिंदुस्थानसाठीं भाषणें लिहिण्याचें व योजण्याचें काम करीत होते. त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलीं वार्तापत्रें मराठींत भाषांतर होऊन ध्वनिक्षेपित होत असत. त्यांच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे ही महाराष्ट्रीय बाई होती. तिनें स्वतः पुढें १९५० सालीं ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या लेखकानें ध्वनियंत्राच्या सत्तेचें भयानक चित्र काढलें, त्याचे स्वतःचे शब्द एके काळीं ध्वनियंत्रांतून मराठी घरांकडे धाडले जात होते. नभोवाणीवर बोलणारानें आणि ती ऐकणारानें हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ही कादंबरी ८ जून १९४९ रोजीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील राज्यांत भिंतीवरचा पडदा बोलतो, आणि पाहतोही. जुनीं वर्तमानपत्रें बदलून भूतकाळ नवा करण्यांत येतो. जनतेसाठीं लागणारीं गाणीं सरकारच्या संगीत खात्यांत एक यंत्र रचतें. त्यांत मनुष्याचा हात लागत नाहीं. ह्या राज्यांतील पात्रांना गाणीं वांटावयाचीं तर प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, ऑर्वेल ह्यांनीं ती वांटणी बरीचशी स्वतःच करून ठेवली आहे, आणि ती मोठ्या मार्मिकपणानें केली आहे.

सर्वांत वरच्या सत्ताधीशाला, ज्याला तेथें ‘मोठा भाऊ’ म्हणतात, त्यांनीं गाणें दिलेलेंच नाहीं. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें जमाव संथपणें, पुन्हां पुन्हां उच्चारीत राहतो. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर तो केवळ ठेका आहे. त्याच्यावर सूर चढत नाहीं. ठेक्यानें पाय एकत्र पडतात, विचार थांबतो, आणि त्या राज्याला तेवढेंच हवें असतें. अशा पात्राला एखादें भव्य, गंभीर रागांतलें पद देणारा वाचक फसला असें समजावें. त्यानें सत्तेला नसलेला गळा दिला.

नायकाच्या शेजारीं पार्सन्स नांवाचें कुटुंब राहतें. द्वेष-सप्ताहासाठीं रचलेलें नवें गाणें त्या घरचीं मुलें फणीला कागद लावून रात्रंदिवस वाजवतात. मुलांनीं फणीचा बाजा करावा ही कोणत्याही घरांतली गंमत. परंतु येथें त्या बाजांतून द्वेष निघतो. पुढें त्याच घरांतील लहान मुलगी आपल्या बापाला पकडून देते. बडबडगीताच्या वयांत मुलांच्या ओठीं संचलनाचें गाणें बसवलें कीं काय होतें, तें ह्याहून थोडक्यांत सांगणें कठीण आहे.

खुद्द नायक विन्स्टन ह्याच्या वांट्याला आलें आहे एक अर्धवट बडबडगीत. लंडनच्या निरनिराळ्या देवळांच्या घंटा आपसांत फळांच्या आणि उधारीच्या गोष्टी बोलतात, अशी त्या जुन्या गीताची कल्पना. ह्या गीताचा प्रवास पाहण्यासारखा आहे. त्याचा आरंभ नायकाला जुन्या वस्तूंचा एक वृद्ध दुकानदार, चॅरिंग्टन, ऐकवतो. मधल्या कांहीं ओळी त्याची प्रेयसी ज्यूलिया हिला ठाऊक असतात. लहानपणीं आजोबांनीं त्या तिला म्हणून दाखवलेल्या, आणि ती आठ वर्षांची असतांना त्या आजोबांना सरकारनें नाहींसें केलेलें. त्या कडव्याची शेवटची ओळ पुरी करतो ओब्रायन, ज्याला नायक आपला मित्र समजतो आणि जो पुढें त्याचा छळ करणारा निघतो. आणि गीताचा अगदीं शेवट, ज्यांत मुंडकें उडवण्याची गोष्ट आहे, तो ऐकूं येतो नायकाला पकडतात त्या क्षणीं. तो आवाज त्याच दुकानदाराचा. कारण तो वृद्ध दुकानदार मुळीं गुप्त पोलिसांचा माणूस असतो.

आपल्या रंगभूमीच्या परिभाषेंत हें फार चांगलें उलगडतें. चॅरिंग्टनला नांदी दिली आहे. तो वेष पालटलेला सूत्रधार आहे. ओब्रायनला भरतवाक्य दिलें आहे. दुसऱ्यानें आरंभलेलें तो आदबीनें पुरें करतो, आणि त्या आदबींतच त्याची सत्ता आहे. ज्यूलियाला मधला अंतरा मिळाला, तोही आजोबांच्या आठवणीपुरता. तिला तारुण्याची एखादी शृंगारिक लावणी द्यावी असें पुष्कळांना वाटेल. पण त्यानें तिच्या धीटपणाचें वर्णन होईल, तिचें दुःख कळणार नाहीं. आणि विन्स्टन? तो अंतरे गोळा करीत हिंडतो आणि त्याला धृपदावर परत येतां येत नाहीं. ज्या माणसापासून त्याचा भूतकाळ हिरावून घेतला आहे, त्याला पुरें गाणें येणें शक्यच नव्हतें. जेव्हां तें पुरें होतें, तेव्हां तो स्वतः संपलेला असतो.

ह्या कादंबरींत मोकळ्या गळ्यानें गाणारे दोघेच आहेत. एक रानांतला पक्षी, जो कोणासाठींही न गातां नुसता आलाप घेतो. दुसरी, अंगणांत धुणें वाळत घालणारी एक थोराड, कष्टकरी बाई. पक्षाचा एकही सभासद कधीं एकटा आणि आपखुशीनें गातांना आपण ऐकलेला नाहीं, हें नायकाच्या ध्यानांत येतें तें तिचें गाणें ऐकतांना.

आतां ठाणें-कल्याणच्या वाचकानें ह्या बाईला कोणतें मराठी गाणें द्यावें? हीं जुनीं वाचणारीं गांवें आहेत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. ठाण्यास २०१० सालीं आणि डोंबिवलीस २०१७ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. येथल्या वाचकाला प्रथम सुचेल ती जात्यावरची ओवी. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर ह्यांनीं खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, एवढी ती संपत्ति मोठी. किंवा ह्याच परिसरांतील आगरी गांवांत लग्नप्रसंगीं धवलारीण जे धवले म्हणते, ते आठवतील. निवड सुंदर आहे; पण ती चूक आहे.

ती चूक कां, तें समजून घेतलें पाहिजे. ओवी आणि धवला ह्या परंपरेनें आईकडून लेकीला मिळालेल्या वस्तु आहेत. कादंबरींतल्या त्या बाईजवळ अशी कोणतीच ठेव उरलेली नाहीं. तिच्या ओठीं आहे तें सरकारी यंत्रानें पाडलेलें एक टाकाऊ प्रेमगीत. तरीसुद्धां ती तें इतक्या सुरांत आणि इतक्या जीव ओतून म्हणते कीं, त्या निर्जीव शब्दांना अर्थ चढतो. तिला ओवी देणें म्हणजे तिचा पराक्रमच काढून घेणें होय. तिला द्यावयाचें तर बाजारांत सर्वत्र वाजणारें, ऐकून ऐकून विटलेलें एखादें गाणेंच दिलें पाहिजे.

बाजारासाठीं झालेलें गाणें घरचें कसें होतें, ह्याचा एक शुभ दाखलाही ठाण्याजवळ आहे. जनकवि पी. सावळाराम हे ठाण्याचे रहिवासी. ह्या शहराचें नगराध्यक्षपदही त्यांनीं भूषवलें. त्यांचीं गीतें वसंत प्रभूंनीं स्वरबद्ध केलीं, लता मंगेशकरांनीं गाइलीं, आणि तीं ध्वनिमुद्रिकांवरून घरोघर गेलीं. सासरीं निघालेल्या मुलीला निरोप देणारें त्यांचें गीत लग्नघरांत इतकें रुळलें कीं, तें कवीनें लिहिलें आहे ह्याची आठवणही पुष्कळ आयांना राहिली नाहीं. अर्थात् सावळाराम म्हणजे यंत्र नव्हे. त्यांच्या गीतांत मुळांतच माणसाचें मन होतें. परंतु गाणें कोठून आलें ह्याइतकेंच तें कोणाच्या गळ्यांत जाऊन बसलें ह्यालाही महत्त्व आहे, एवढें त्यावरून दिसतें.

ऑर्वेल ह्यांनीं कल्पिलेलें गाणें रचणारें यंत्र आज कल्पित राहिलेलें नाहीं. चार शब्द सांगितले असतां संगणक घटकाभरांत चालीसकट गीत तयार करून देतो. आणि कोणत्या मनःस्थितींत कोणतें गाणें ऐकावें हेंही हातांतलें यंत्रच सुचवतें. म्हणजे पात्राला गाणें देण्याचा खेळ आतां उलटा सुरू झाला आहे: पात्रें आपण, आणि वांटणारें यंत्र. ह्यांत भिण्यासारखें किती आणि सोयीचें किती, ह्याचा वाद पुष्कळ चालेल. त्या धुणें वाळवणाऱ्या बाईचा दाखला मात्र एक गोष्ट सांगतो. यंत्राचें गाणें म्हणूनही ती स्वतंत्र राहिली, कारण तें तिनें आपण होऊन, आपल्या गळ्यानें म्हटलें. नुसतें ऐकत राहणाऱ्या विन्स्टनला शेवटीं एका उपाहारगृहांत पडद्यावरून येणारें गाणें ऐकून डोळ्यांत पाणी आणण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं.

कल्याण-डोंबिवलीहून मुंबईस जाणाऱ्या सकाळच्या गाडींत पाय ठेवावयास जागा नसते. तरी त्याच गर्दींत एखाद्या डब्यांत टाळ वाजूं लागतात आणि कारकून, कामगार, दुकानदार मिळून अभंग म्हणूं लागतात. त्यांना तसा हुकूम कोणी केलेला नसतो, त्याबद्दल पगारही मिळत नाहीं, आणि कित्येकांचा सूरही नीट लागत नाहीं. ज्या समाजांत असें गातां येतें, त्याच्याजवळ अजून कांहीं शिल्लक आहे.

तेव्हां पुढच्या वेळीं घरांत हा खेळ मांडला जाईल तेव्हां, ह्या पात्राला कोणतें गाणें शोभेल, असें विचारण्यापूर्वीं आणखी एक प्रश्न विचारावा: दार लावून घेतलें आणि कोणी ऐकत नाहीं अशी खात्री झाली, तर हें पात्र काय गुणगुणेल? उत्तर मिळालें तर तेंच त्याचें गाणें. आणि मुलांबाळांनीं भरलेल्या घरांत हा खेळ खेळतांना एखादें गाणें यंत्रावर न लावतां, जसें येईल तसें, स्वतःच्या गळ्यानें म्हणून पाहावें.