जुन्या रुपयाचे मोल



घरच्या जुन्या पेटीत राणीछाप रुपया सापडला की पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. सराफाचे उत्तर सरळ असते. तो वजन व कस पाहतो. 1835 मध्ये ठरलेला कंपनी सरकारचा रुपया एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम वजनाचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. हे प्रमाण 1939 पर्यंत टिकले. 1940 मध्ये, युद्धकाळात, चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला.

संग्राहकाचे गणित मात्र निराळे आहे. नाणे जुने म्हणून दुर्मिळ, हा समज प्रथम सोडावयास हवा. 1862 हा आकडा टाकसाळींनी 1874 पर्यंत रुपयांवर कायम ठेवला; साहजिकच असे रुपये उदंड आहेत. उलट 1939 चा रुपया त्यामानाने कालचा, परंतु हाती लागणे कठीण, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात. 1911 च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा भासला, गहजब झाला आणि पुढील वर्षी हत्ती नव्याने कोरावा लागला!

प्रत ठरविताना उंचवटे पाहावेत, कारण झीज तेथे आधी होते. राणीचा गाल, मुकुटाची नक्षी व खांद्यावरील वस्त्र भिंगाखाली स्पष्ट दिसले तर प्रत उंच. पेशवाईतील अंकुशी रुपयाला ही फूटपट्टी लावता येत नाही. त्याचा ठसा मोठा आणि चकती लहान; तेव्हा टाकसाळीचे नाव व सन यांचा किती भाग चकतीवर उतरला, यावर त्याचे मोल ठरते.

माळेसाठी कडी डागलेला रुपया संग्राहकाच्या लेखी जवळजवळ चांदीच्याच भावाचा होतो. तीच गत चिंच आणि राखेने लख्ख घासलेल्या नाण्याची. काळसर झाक हा मळ नव्हे. ती घालविली की किंमतही जाते. आपल्या माताभगिनींनी दिवाळीच्या साफसफाईत एवढे स्मरणात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

शेत नांगरताना वा पाया खणताना नाण्यांचा हंडा लागला, तर गोष्ट वेगळी. 1878 च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हंडा परस्पर मुशीत गेला, तर नाण्यांबरोबर त्या गावच्या इतिहासाचा पुरावाही वितळतो; आणि असे हंडे आजवर किती वितळले, याची मोजदाद कोणापाशीच नाही.