कारखान्यातला शेतकरी : चीनच्या औद्योगिक प्रगतीचा एक हिशेब
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

चीनच्या आर्थिक प्रगतीविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी तिचे सारे श्रेय बाजारपेठेला देतो, तर कोणी नियोजनाला. ह्या वादात एक प्रश्न मागे पडतो : हा सारा माल घडवला कोणी, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात त्याच्या पदरी काय पडले? जगातील कारखानदारी उत्पादनाच्या मूल्यात चीनचा वाटा आज जवळपास तीन दशांश आहे. ह्या उत्पादनाच्या मुळाशी जो श्रमिक उभा आहे त्याला चिनी भाषेत ‘नोंगमिनगोंग’ म्हणतात. ह्या शब्दाचा अर्थच शेतकरी-कामगार असा आहे. कामाने तो कामगार आहे, परंतु सरकारी नोंदीत शेतकरी. ह्या विसंगतीचा अर्थ काय, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. जानेवारी 1958 मध्ये चीनमध्ये कुटुंबनोंदणीचे नियम जारी झाले. ही व्यवस्था ‘हुकोऊ’ ह्या नावाने ओळखली जाते. तिने नागरिकांची शेतकी आणि बिगरशेतकी अशी विभागणी केली, आणि 1998 पर्यंत ही नोंद आईकडून मुलाकडे येत असे. शहरातील सरकारी कारखान्याच्या कामगाराला घर, दवाखाना, शिधा व निवृत्तिवेतन यांची हमी होती. तिला लोक ‘लोखंडी भातवाटी’ म्हणत. शेतकरी मात्र ह्या हमीबाहेर राहिला. उलट, त्याचे धान्य सरकारने स्वस्तात खरेदी करून उद्योगीकरणासाठी लागणारी बचत उभी केली.

1978 च्या अखेरीस अन्हुई प्रांतातील शियाओगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी सामूहिक जमीन कुटुंबवार कसण्याचा गुप्त करार केला. अशा प्रयोगांना पुढे सरकारी धोरणाचे रूप आले. कम्यून मोडीत निघाले, धान्योत्पादन वाढले आणि खेड्यातील कोट्यवधी हात मोकळे झाले. त्याच सुमारास, 1980 साली, शेन्झेन, झुहाई, शांतोऊ आणि शियामेन ही विशेष आर्थिक क्षेत्रे परकीय भांडवलाला खुली करण्यात आली. मोकळे झालेले हात तिकडे वळले. शहराने त्यांचे श्रम स्वीकारले, नागरिकत्वाचे हक्क मात्र नाकारले.

कॉम्रेड्स, ह्याचा आर्थिक अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. मजुरीतून केवळ कामगाराचे आजचे जेवण भागून चालत नाही. त्याची मुले वाढवणे, आजारपण, म्हातारपण हा सारा खर्च त्याच मजुरीतून निघावा लागतो. हुकोऊच्या व्यवस्थेत कारखान्याने माणसाची फक्त उमेदीची वर्षे विकत घेतली. त्याचे बालपण आणि वार्धक्य गावाच्या, म्हणजे वाट्याला आलेल्या जमिनीच्या तुकड्याच्या आणि वृद्ध आईबापांच्या माथी मारले गेले. चिनी श्रम स्वस्त होता याचे एक मोठे कारण हे आहे. त्याची किंमत कोणी भरली ते 2010 च्या जनगणनेवरून दिसते : आईबाप किंवा त्यांपैकी एक जण कामासाठी दूर गेलेली, गावी राहिलेली मुले सहा कोटींहून अधिक होती.

ह्या स्वस्त श्रमाचा लाभ कोणाला झाला? 2009 च्या सुमाराचे आयफोनचे उदाहरण पाहा. एका फोनचा उत्पादनखर्च सुमारे 179 डॉलर होता. त्यात चीनमधील जुळणीचा वाटा अवघा साडेसहा डॉलर होता.

आणि कामाची परिस्थिती? 19 नोव्हेंबर 1993 रोजी शेन्झेनमधील झिली खेळणी कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. 87 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य खेड्यांतून आलेल्या तरुण मुली होत्या.

परंतु हा केवळ सोसण्याचा इतिहास नाही. 1995 पासून कामगार कायदा अमलात आला. 1 जानेवारी 2008 पासून लागू झालेल्या श्रमकरार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला. तो न करणाऱ्या मालकावर दुप्पट वेतन देण्याची जबाबदारी टाकली. मे 2010 मध्ये नानहाई येथील होंडाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तरुण कामगारांनी संप केला आणि कंपनीचे चीनमधील मोटारउत्पादनच थांबवले. त्यांना लक्षणीय पगारवाढ मिळाली. तथापि त्यांची दुसरी मागणी अधिक महत्त्वाची होती : कारखान्यातील संघटनेचे प्रतिनिधी कामगारांनीच निवडावेत. ही मागणी का पुढे आली, हे त्या संपातच दिसले. स्थानिक संघटनेची माणसे संपकऱ्यांच्याच अंगावर धावून गेली होती. देशात अधिकृत कामगार महासंघ एकच आहे, आणि संपाचा हक्क 1982 च्या राज्यघटनेतून वगळलेला आहे, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

नंतरच्या काळात बदल झाले. मजुरी वाढली. 2006 साली शेतीवरील कर रद्द झाला. 2014 साली शेतकी-बिगरशेतकी हा नोंदीतील भेद संपवण्याची घोषणा झाली आणि लहान शहरांची दारे बरीच खुली झाली. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु 2020 साली चीनची 63.9 टक्के लोकसंख्या शहरांत राहत होती, आणि शहरी नोंदणी मात्र 45.4 टक्के लोकांचीच होती. हा फरक सुमारे 26 कोटी माणसांचा आहे. 2024 मध्ये शेतकरी-कामगारांची संख्या 30 कोटींच्या घरात होती. बीजिंग आणि शांघाय येथे नोंदणी मिळवण्यासाठी गुणांची पद्धत आहे, आणि ती शिकलेल्यांना व नियमित नोकरी असलेल्यांना झुकते माप देते. ज्याने त्या शहराच्या इमारती बांधल्या, त्याला तेवढे गुण सहसा जमत नाहीत.

म्हणून चीनविषयी बोलताना आपण पोलाद, रेल्वे आणि निर्यातीचे आकडे अवश्य अभ्यासावेत. परंतु तेवढ्यावर थांबू नये. ज्या शहरात कामगार राबतो त्याच शहरात त्याचे मूल शाळेत जाते काय, आजारी पडल्यास त्याला तेथे उपचार मिळतात काय, आणि आपला प्रतिनिधी तो स्वतः निवडू शकतो काय, हे प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत. त्यांची उत्तरे ध्यानात घेतल्यावाचून कोणत्याही देशाच्या औद्योगिक प्रगतीचा हिशेब पुरा होत नाही. एवढे सांगून मी माझे विवेचन संपवतो.