खाडीपूर कोण लिहिणार?



डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला. या ग्रंथांचा अधिकार मोठा. पण छापून गेलेली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते. विकिपीडियावर ती वाचणाराच दुरुस्त करतो. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून आहे आणि या मोकळिकीचं मला फार मोल वाटतं.

ही मोकळीक टिकते ती राखण करणाऱ्यांवर. अमेरिकी पत्रकार जॉन सीगेन्थॉलर यांच्यावर केनेडी-हत्येचं किटाळ घेणारा खोटा मजकूर 2005 मध्ये इंग्रजी विकिपीडियावर चार महिने राहिला. कुणाची नजरच गेली नाही! मराठीत तर नजर ठेवणारे आणखी थोडे.

आता आपल्या सुरतेतल्या पर्वत पाटियाचं पाहा. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडाली. तो तापीचा पूर. पर्वत पाटिया, लिंबायतकडे पावसाळ्यात घरांत पाणी शिरतं ते बहुधा खाडीचं; वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की खाडी फुगते, तेव्हा तापी दुथडी भरलेली असेलच असं नाही. इथं त्याला खाडीपूरच म्हणतात. लांब बसून लिहिणाऱ्याला हे दोन्ही पूर एकच वाटतील आणि तो सगळा दोष उकाईवर टाकून मोकळा होईल. जळगाव-धुळ्याहून येऊन लूमवर उभ्या राहिलेल्या माणसाला हा फरक पक्का ठाऊक असतो. पण त्याचा शब्द विकिपीडियाला चालत नाही, प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार लागतो. नियम योग्यच आहे, नाहीतर ऐकीव गोष्टींचा बाजार भरेल. तरीही ज्यांच्याबद्दल फारसं छापलंच जात नाही, त्या वस्त्या या नियमानं कोशाबाहेर राहतात, हे मला मनापासून खुपतं.

सुरतेच्या मराठी माणसाला एक वाट मोकळी आहे. त्याला गुजरातीही वाचता येतं. 1863 पासून निघणाऱ्या ‘गुजरातमित्र’सारख्या दैनिकात खाडीपुराची बातमी येते. ती वाचून स्वतःच्या शब्दांत मराठीत दोन परिच्छेद लिहावेत आणि तळटीपेत दैनिकाचं नाव, तारीख, पान द्यावं. आधार गुजराती असला तरी मराठी विकिपीडियाला तो चालतो.