सुताराच्या मुलाला रंधा कशासाठी?



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली. आमचे शिक्षण थोडेसे शाळेत आणि बाकीचे कारखान्याच्या फाटकावर झालेले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही, अशी आशा आहे. चालकांनी आम्हांस विषय दिला आहे वस्तीतील शाळेत चालणाऱ्या हस्तकलेच्या वर्गांचा. कामगार चळवळीतल्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे, त्याला सुतारकाम अन् चित्रकला यांच्याशी काय कर्तव्य, असे काहींच्या मनात येईल. परंतु हा विषय आमच्याच घरचा आहे, हे एका प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही युनियनच्या मंडळींनी आमच्या वस्तीतल्या शाळेत दर रविवारी असा वर्ग काढायचे ठरविले. सुतारकाम, मातीकाम आणि चित्रकला असा बेत होता. पालकांची सभा बोलाविली. सर्वांनी माना डोलाविल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने एक सुतारमिस्त्री उठले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या बापाच्या हातात रंधा होता, माझ्याही हातात आहे. तुम्ही माझ्या पोराच्या हातातून पाटी काढून पुन्हा रंधाच देणार काय?"

सभा गप्प झाली. मालकाला उत्तर देण्यास आम्ही कधी कचरलो नाही, पण या गृहस्थांना तत्काळ उत्तर देता आले नाही. कारण त्यांचे म्हणणे खरे होते. या देशात हाताचे काम जातीने वाटून दिलेले. ज्याने काम केले त्याला अक्षर मिळू दिले नाही आणि ज्याला अक्षर मिळाले त्याने हातात हत्यार धरले नाही. हत्यारापासून सुटका व्हावी म्हणूनच तर गरीब माणूस पोराला शाळेत धाडतो. त्याला 'श्रमाची प्रतिष्ठा' सांगायला जाणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

मग हा वर्ग काढूच नये काय? या प्रश्नाने आम्हांस जुनी पुस्तके चाळावयास लावले. तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न फार जुना आहे.

१८५४ साली लंडनमध्ये कामगारांसाठी एक सायंकालीन विद्यालय निघाले. वर्किंग मेन्स कॉलेज हे त्याचे नाव. फ्रेडरिक मॉरिस नावाचे धर्मोपदेशक आणि त्यांचे सहकारी त्याच्या मुळाशी होते. तेथे चित्रकला शिकवावयास आले जॉन रस्किन, एका धनाढ्य मद्यव्यापाऱ्याचे चिरंजीव आणि त्या काळचे नामांकित कलासमीक्षक. समोर बसणारे विद्यार्थी म्हणजे दिवसभर राबून आलेले सुतार, कारकून, खोदकाम करणारे. १८५७ साली रस्किन यांनी चित्रकलेच्या प्राथमिक धड्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात आरंभीचा धडा आहे एक चौकोन एकसारख्या छटेने भरण्याचा. पुढे ते रस्त्यातला एखादा दगड उचलून आणावयास सांगतात आणि तोच काढावयास लावतात. सुंदर देवालय नाही, राजवाडा नाही, साधा दगड! आधी नीट पाहावयास शिका, हात मागाहून वळेल, असा त्यांचा आग्रह.

त्याच वर्षी एका सरकारी चौकशी मंडळापुढे साक्ष देताना रस्किन यांनी आपला हेतू सांगितला. सुताराला चित्रकार बनविणे हा त्यांचा उद्देश नव्हता. तो सुतार राहूनच अधिक सुखी व्हावा, एवढाच होता.

हे वाचून प्रथम आम्हांस बरे वाटले आणि मग आमच्यातला युनियनवाला जागा झाला. सुताराने सुतारच राहावे हे कोणी ठरविले? श्रीमंताघरच्या माणसाने असे म्हणणे सोपे आहे. गंमत अशी की, त्यांच्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याने हा हिशेब चुकता केला. जॉर्ज ॲलन हा सुतारकाम करणारा तरुण त्या वर्गात आला, उत्तम कोरीवकाम करू लागला आणि पुढे रस्किन यांच्याच ग्रंथांचा प्रकाशक झाला. म्हणजे वर्गाचा हेतू काहीही असो, दार उघडे असले म्हणजे माणूस आपल्या पायांनी हवा तिथे जातो. दार उघडे आहे की नाही, हाच खरा मुद्दा.

या लंडनच्या वर्गाशी आपले नाते आहे. रस्किन यांनी पुढे १८६० साली अर्थशास्त्रावर जे निबंध लिहिले, ते पुस्तकरूपाने १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गहून डरबनला जाणाऱ्या आगगाडीत गांधीजींच्या हाती पडले. त्याचेच सार त्यांनी गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने दिले. १९१० साली टॉलस्टॉय फार्म निघाले. तेथे कॅलनबाख हे त्यांचे मित्र ख्रिस्ती साधूंच्या मठात जाऊन चपला करावयास शिकून आले, त्यांच्यापासून गांधीजी शिकले आणि गांधीजींनी मुलांना शिकविले. जे काम शिक्षक स्वतः करीत नाही, ते मुलांना सांगावयाचे नाही, असा तेथे दंडक होता.

त्यानंतर ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना मांडली. सात ते चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि मध्यभागी एखादा हस्तोद्योग. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार निघावा, असेही गांधीजींना वाटत होते. यावर टीका झाली की शाळेचा कारखाना होईल आणि मूल मजूर ठरेल. खुद्द समितीनेही उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षण बाजूस पडण्याचा धोका बोलून दाखविला होता. आम्ही कामगार चळवळीतले लोक या बाबतीत टीकाकारांच्या बाजूचे आहोत. जेथे मालाची विक्री हा हिशेब आला, तेथे मुलाची चूक महाग होते. आणि जेथे चूक करता येत नाही, तेथे शिकता येत नाही.

पण योजना पुढे मागे पडली ती एवढ्याचमुळे नव्हे. खेड्यातल्या मुलाला टकळी आणि शहरातल्या साहेबाच्या मुलाला इंग्रजी शाळा, असे दोन रस्ते झाले. गरीब माणसाने कोणता रस्ता शहाणपणाचा मानावा? त्याने टकळी नाकारली नाही, त्याने दुजाभाव नाकारला. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. तो तास वेळापत्रकात आला. परंतु आम्ही पाहिलेल्या शाळांत तो बहुधा गणिताच्या उजळणीला जाई. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्यास सांगितले आहे. कल्पना चांगली आहे, पण दहा दिवसांत रंधा धरता येतो, लाकडाची ओळख होत नाही.

आता आमच्या मिस्त्रींकडे परत येऊ. आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मिस्त्री, तुमचे पोर वर्गाला येवो न येवो, तुम्ही शिकवायला या." त्यांनी विचारले, "लग्नाला आचारी बोलावतात तसा बोलावता, की पाहुणा बोलावतात तसा?" आम्ही म्हणालो, "गुरुजी म्हणून. आणि मास्तरांना जे मानधन, तेच तुम्हांला." ते आले. मात्र एक अट घालून आले: वस्तीतल्या कामगारांच्या मुलांबरोबर पलीकडच्या सोसायटीतल्या डॉक्टरांची, वकिलांची मुलेही त्याच बाकावर बसली पाहिजेत. आम्हांला आठ दिवस सुचले नव्हते ते उत्तर त्यांनीच दिले.

एका रविवारी सोसायटीतल्या एका मुलीने पेटी केली. कोपरा जुळलेला नव्हता. तिने विचारले, "बरोबर आहे ना?" मिस्त्रींनी होय-नाही काही न म्हणता तिच्या हातात गुण्या दिला. तिने तो कोपऱ्याला लावला आणि उजेडाकडे धरला. फटीतून उजेड दिसला. मुकाट्याने तिने सांधा उकलला. मिस्त्री म्हणाले, "गुण्या कोणाच्या बापाची भीड धरीत नाही." शेजारी त्यांचा स्वतःचा मुलगा बसला होता, त्याचाही सांधा त्यांनी दोनदा उकलावयास लावला.

त्या दिवशी आम्हांस हस्तकलेच्या वर्गाचा अर्थ कळला. परीक्षेतले गुण दुसरा कोणी देतो. लाकूड, माती आणि रंग मात्र आपले उत्तर मुलाला थेट देतात. तेथे वशिला नाही, पाठांतर नाही. ज्या मुलाने एकदा आपली चूक आपल्या डोळ्यांनी पाहून सुधारली, तो पुढे टर्नर होवो वा न्यायाधीश, कोणी सांगितले म्हणून वाकडे सरळ म्हणणार नाही. युनियनला असेच सभासद हवे असतात आणि लोकशाहीला असेच नागरिक.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. मागण्या केल्यावाचून आमचे भाषण संपत नाही! पहिली, हस्तकला सर्वांच्या मुलांना सारखी असावी, नाहीतर कोणालाच नको. दुसरी, मुलांच्या कामातून शाळेचा खर्च काढू नये. तिसरी, शिकविणाऱ्या कारागिराला शिक्षकाचे मानधन आणि शिक्षकाचा मान मिळावा. या तीन गोष्टी नसतील तर त्या मिस्त्रींनी सभेत विचारलेला प्रश्न खरा ठरेल आणि आम्ही त्यांच्याच बाजूने उभे राहू.

आमचा वर्ग लहान आहे. कधी लाकूड मिळत नाही, कधी शाळेची किल्ली मिळत नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून १८९० साली गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. त्या रविवारातले दोन तास आम्ही मुलांसाठी मागतो आहोत. आपल्यापैकी ज्यांच्या हातात कसब आहे त्यांनी शिकवावयास यावे, आणि ज्यांच्या हातात नाही त्यांनी मुलांशेजारी बसून शिकावयास यावे. बाके पुरेशी आहेत.