उंबरठा ओलांडून येणारे माणूस



मंडळाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी आणि सोंगणीच्या दिवसांत वावरात जाणारी बाई. मोठे भाषण मला साधायचे नाही. पण गेल्या काही बैठकांत आपल्यात एक प्रश्न निघाला आहे. त्याविषयी मनातले सांगावे, म्हणून उभी राहिले आहे.

प्रश्न असा की, आता घरोघरी मोबाईल आहे, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. मग महिन्यातून एकदा घरोघर फिरण्याची, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसण्याची आपली जुनी रीत चालू ठेवावी की बंद करावी? ज्या मुली बंद करावी म्हणतात, त्यांचे म्हणणे खोटे नाही. पहाटे उठून स्वयंपाक, मग निंदण, संध्याकाळी पुन्हा चूल. फिरायला वेळ आणायचा कोठून?

यंत्राची निंदा करायला मी उभी नाही. पूर्वी परगावची बातमी तारेने येत असे. तार आली म्हटले की घरात रडारड आधी व्हायची आणि वाचन मागाहून. ती तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यात बंद झाली. तिच्यासाठी कोणी हळहळावे असे मला वाटत नाही. पुण्याला कामाला गेलेल्या लेकाचे तोंड आज आईला फोनवर दिसते. योजनेचे पैसे थेट खात्यात जमा होतात, मधल्या कोणाच्या हाताला चिकटत नाहीत. ही सोय मोठीच आहे.

पण भगिनींनो, मनीऑर्डर घेऊन पोस्टमन दारात येत असे, तेव्हा पैसे मोजता मोजता तो विचारायचा, "आजी, पाय कशाने सुजला?" पैसे जमा झाल्याचा जो निरोप आज फोनवर येतो, त्याला आजीचा पाय दिसत नाही. यंत्राला आपण जेवढे विचारू तेवढ्याचे ते उत्तर देते. दारी आलेल्या माणसाला न सांगितलेलेही दिसते. माझे म्हणणे काय ते एवढेच आहे.

हे बाईमाणसाचे नुसते हळवेपण आहे, असे कोणास वाटेल. म्हणून आपल्या विदर्भातल्याच दोन गोष्टी सांगते. माझी मुलगी नर्सिंग शिकते, तिने त्या मला वाचून समजावल्या.

पहिली गोष्ट गडचिरोलीची. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात. दवाखाना दूर, आणि ओली बाळंतीण तान्हे घेऊन घराबाहेर पडणार नाही, ही रीत. तेव्हा त्यांनी ३९ गावांत त्या त्या गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. ही बाई बाळंतिणीच्या खोलीत जायची, बाळाचे वजन करायची, ताप पाहायची, श्वास मोजायची, बाळाला ऊब कशी द्यावी ते आईला दाखवायची आणि गरज पडली तर औषधही द्यायची. तिसऱ्या वर्षी तो ६२ चा आकडा २६ च्या आत आला. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, ती पद्धत या कामातूनच देशभर गेली.

आता विचार करा, हे काम फोनवर झाले असते का? फोनवर विचारले, "बाळ कसे आहे?" तर आई कौतुकाने सांगणार, "अगदी शहाणे आहे हो, रडत नाही, नुसते झोपून असते." आणि तेच तर धोक्याचे लक्षण! तान्हे मूल सुस्त पडून राहते, अंगावर ओढत नाही, हातपाय गार लागतात, तेव्हा ते शहाणे नसते, आजारी असते. पण हातपाय गार आहेत हे कळायला कोणाचा तरी हात लागावा लागतो.

दुसरी गोष्ट अमरावतीची आणि ती आपल्या जिवाला लागलेली आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा शेतकरी जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वाशिम जिल्हा होता. ती का करावी लागली, ते या सभेत कोणाला सांगायला नको. कर्ज आणि पाऊस यांचा हिशेब सरकार करील. पण खचलेल्या मनाचा हिशेब कोणाच्या वहीत असतो? अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा एक उपक्रम झाला. गावातल्या साध्या माणसांना शिकवून त्यांना घरोघर पाठवले. ती ओसरीवर बसत, ऐकून घेत आणि दुखणे जास्त दिसले तर डॉक्टरपर्यंत सोबत करीत. आधी मनाने खचलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम ४ जण कोणाची मदत घेत होते. दीड वर्षाने २७ घेऊ लागले. जीव नकोसा झाल्याचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५ होते, ते निम्म्यावर आले. हेही २०१७ साली वैद्यकीय मासिकात आले आहे.

सरकारचा 'टेली-मानस' फोन आहे, क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालतो आणि पैसे पडत नाहीत. प्रत्येकीने हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. पण ज्याचे मनच बसले आहे, तो फोन उचलील कसा? "चला, मी लावून देते, मी इथेच बसते," असे म्हणणारे कोणीतरी जवळ लागते.

आज ही उणीव साऱ्या जगाला जाणवू लागली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले की, जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो. इंग्लंडात २०१८ साली या कामाकरिता सरकारात मंत्री नेमला गेला. आपल्याकडे भुलाबाईच्या दिवसांत पोरी घरोघर गाणी म्हणत, डब्यातला खाऊ ओळखत फिरतात. कोणाच्या घरी चूल थंड आहे, कोणाची सासुरवाशीण उदास आहे, हे त्या पोरींच्या पायांनी गावभर कळत असे. त्यासाठी कोणाला मंत्री नेमावा लागला नाही.

मात्र जुने ते सारे सोने, असेही मी म्हणणार नाही. आपल्या हळदीकुंकवात जिला माणसाची सर्वांत जास्त गरज, तिलाच आपण बोलावीत नाही. जिचा धनी गेला, तिच्या दारावरून आपण ताट झाकून पुढे जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवांना मानहानी करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाडला जमले, ते रिठदला का जमू नये?

म्हणून माझी विनंती अशी आहे. बैठकीची तारीख, वर्गणी, लसीकरणाचा दिवस हे सारे ग्रुपवर खुशाल सांगावे. तेवढी पायपीट वाचेल. वाचलेल्या वेळात प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या गल्लीतली पाच घरे वाटून घ्यावीत. महिन्यातून एकदा तेथे जावे, ते वर्गणीला नव्हे की अर्ज भरायला नव्हे. कपभर चहा होईल एवढा वेळ बसावे. आधी जावे बाळंतिणीकडे, एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे आणि जिच्या घरातले माणूस गेले तिच्याकडे. शहाणपण सांगू नये, ऐकावे. दुखणे वाटले तर स्वतः वैदूपणा न करता आशाताईंना कळवावे. आणि तेथे ऐकलेले नळावर बोलू नये, ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. एकदा का विश्वास गेला, की ते दार पुन्हा उघडत नाही.

येत्या संक्रांतीचे निमंत्रण मात्र फोनवर नको. ज्या घरी आपण आजवर गेलो नाही, त्या घरी आधी दोघी-तिघींनी मिळून जावे, "बाई, तुम्ही यायचेच," असे तोंडाने सांगावे आणि पहिले वाण तिच्या हाती द्यावे. ती पहिल्या वर्षी येणार नाही कदाचित. तरी पुढल्या वर्षी पुन्हा जावे.



जय हिंद.