फळीवर उभे राहून



आमचा छंद तुम्हांपैकी कित्येकांस पोरकट वाटेल. १० फूट ६ इंच लांबीची फळी पाण्यावर टाकावयाची, तीवर उभे राहावयाचे आणि लांब वल्ह्याने ती हाकावयाची, एवढाच हा खेळ. हवाई बेटांत वाइकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार व्हावयास शिकविणारे लोक विसाव्या शतकाच्या मध्यास असेच उभ्याने वल्हवीत. आमची फळी मात्र गुंडाळून पाठीवर नेता येते. तिच्या दोन्ही अंगांना आतून असंख्य धाग्यांनी जखडलेले असते. त्यामुळे दर चौरस इंचास १५ पौंड दाबाची हवा भरली की ती लाकडासारखी ताठ होते. (ती भरताना निघणाऱ्या घामाची जाहिरात कोणी करीत नाही!) वल्ह्याच्या पात्याचा बाक पुढे हवा, आम्ही महिनाभर वल्हे उलटेच धरीत होतो.

देवबागेस कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथे एकदा ओहोटी लागल्याचे आमच्या ध्यानातच आले नाही. पाणी मुखाकडे धावू लागले, वाराही जमिनीकडून. उभ्या माणसाचे अंगच शीड बनते. म्हणून आम्ही गुडघे टेकले आणि प्रवाहाशी न झुंजता तिरपे वल्हवीत कसाबसा काठ गाठला. जाळे सांधीत बसलेल्या म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "सुकती बघूक नाय?"

आता पंपाआधी भरती-ओहोटीचे कोष्टक पिशवीत जाते. वाहत्या पाण्यात फळीची दोरीही आम्ही घोट्याऐवजी कमरेस, झटक्यासरशी सुटेल अशी बांधतो. घोट्याची दोरी कशात अडकली, तर ओढीत हात तिथवर पोचत नाही.